चार नामशेष झाडं

सर्व आप्तेष्टांस, हितचिंतकांस आणि समस्त कास्तकार बंधूंस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, वर्धा तालुक्यातील मौजे आंजी (मोठी) येथील एकेकाळचा सुप्रसिद्ध, सर्वगुणसंपन्न आणि रेशमाला लाजवणारा बनी कापूस अखेर नामशेष झाला. निधनाची नोंद सरकारी तक्त्यात रीतसर करण्यात आली असून नोंद करणारीचं अक्षर फार सुरेख होतं. अंत्ययात्रा मात्र निघू शकली नाही. कारण मयत त्या वेळी आमच्याच परसात, न्हाणीच्या पाण्यावर, कमरेइतकं वाढून फुलावर आलेलं होतं.

नोंद करणारी मीच. तेव्हा विशीची, नवी सून. आता केस पांढरे व्हायला लागलेत, तेव्हा गुन्हा कबूल करायला हरकत नाही. खरं सांगायचं तर तो मी पुष्कळदा कबूल केलेला आहे. लग्नात, बारशात, आणि एकदा आगगाडीत समोर बसलेल्या एका अनोळखी बाईपाशीही. ती बिचारी पुलगावला उतरणार होती, बडनेऱ्यापर्यंत आली.

एक अट आधीच सांगते. या हकिगतीत कोणाही माणसाचं नाव येणार नाही. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते, त्यांना मी मास्तरच म्हणणार. लग्नात उखाण्यातून एकदा नाव घेतलं, ते पुरे. सासूबाईंचं नाव उच्चारायची तर माझी आजही छाती नाही. मी ते आयुष्यात एकदाच लिहिलं, आणि का लिहिलं तेच सांगायला बसले आहे.

माझे वडील वर्ध्याच्या कचेरीत कारकून. मुलीला मॅट्रिक केली याचा त्यांना एवढा अभिमान की लग्नात ट्रंकेत लुगड्यांच्या खाली त्यांनी एक जाडजूड शब्दकोश घातला. सासरी ट्रंक उघडली तेव्हा सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"हे कायची पोथी व?"

"शब्दांची, आत्याबाई."

"कोन्त्या देवाची?"

"देवाची नाही. कोणत्या शब्दाचा काय अर्थ, ते यात सांगितलेलं असतं."

"एवढे शब्द कोन बोलते, बाप्पा!" असं म्हणून त्यांनी तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड आणि पावशीच्या रांगेत त्यालाही मांडला. मला फार बरं वाटलं. माहेरचं माझं एकच हत्यार, आणि त्याची पूजा झाली.

ते हत्यार चालवायची वेळ आली ती राज्य बदललं त्याच्या आगेमागे. तोपर्यंत आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि सरकारी कागद अर्धेमुर्धे हिंदीत यायचे. ते लोकांना कळायचे. मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, कागद शुद्ध मराठीत यायला लागले, आणि कोणालाच काही कळेना.

त्या वर्षी शेती खात्यानं आमचं गाव बियाण्यासाठी निवडलं होतं. म्हणजे गावभर एकच सुधारित वाणाचा कापूस पेरायचा आणि त्याची सरकी खातं बियाणं म्हणून पुढे इतर गावांना देणार. केवढा मान! गावातले पुरुष महिनाभर छाती काढून फिरत होते. त्याच कामासाठी एक तक्ता आला. गावातल्या पिकांची जुनी-नवी वाणं लिहायची होती, आणि वर तीन मथळे छापलेले होते: चालू, विरळ, नामशेष.

मास्तरांनी तो चावडीवर वाचून दाखवला. चालू कळलं, विरळ कळलं. तिसऱ्या शब्दापाशी गाडी रुतली. एकजण म्हणाला, शेष म्हणजे नागोबा, तेव्हा ज्या वावरात नाग निघतो ते वावर लिहायचं असेल. दुसरा म्हणाला, नाम म्हणजे कपाळाचं गंध, हे देवस्थानच्या जमिनीचं काहीतरी दिसते. मास्तरांना अर्थ ठाऊक होता. पण सगळ्यांनी "मास्तर, नक्की काय ते सांगा" म्हटल्यावर ते म्हणाले, "नक्की घरी बघून सांगतो." घरी म्हणजे माझ्याकडे. संध्याकाळी सगळी चावडी आमच्या ओसरीवर आली.

त्या संध्याकाळचा माझा थाट मी अजून विसरलेले नाही. डोक्यावरून पदर, मांडीवर कोश, पुढे कंदील, आणि पंधरा-वीस पुरुष सुनेचं तोंड बघताहेत. मी घसा साफ केला.

"नाम म्हणजे नाव. शेष म्हणजे उरलेलं. भागाकार करून खाली उरतो तो शेष. प्रलयात सगळं बुडतं आणि जो उरतो तो नागही शेषच. तर जे स्वतः गेलं आणि ज्याचं नाव तेवढं मागे उरलं, ते नामशेष."

"वा!" ओसरी म्हणाली. मी फुशारले. थांबायला हवं होतं, पण अशा वेळी मी थांबत नाही.

"आणि हा शब्द मुळात पिकांचा नाहीच. माणसांचा आहे. जुन्या संस्कृतात मोठा माणूस मेला असं तोंडावर म्हणत नसत. नामशेष झाला म्हणत. नाहीतर कथाशेष झाला, कीर्तिशेष झाला. गोष्टी सांगण्याजोगा असला तर कथाशेष, कीर्ती असली तर कीर्तिशेष. आणि यातलं काहीच नसलं तरी नाव तर सगळ्यांनाच असतं."

शेवटचं वाक्य कोशात नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला. पुरुषांपुढे त्या कधी येत नसत, पदर दातांत धरून दाराआडूनच बोलत. "म्हनजे मेला म्हनाले जीभ उचलत नाई म्हनून एवढं लंबं बोलाचं?"

"हो, तसंच."

"मंग ते आपल्यासारखंच झालं ना व! बांगडी फुटली म्हनतो का आपन? वाढवली म्हनतो. डब्यातलं मीठ सरलं म्हनतो का? मीठ वाढलं म्हनतो. सरलं म्हटलं का सरते."

मी कोश मिटला. छापील पानाला जे सांगायला अर्धा रकाना लागला होता ते या बाईनं, जिला सहीसुद्धा येत नव्हती, मीठ आणि बांगडीत सांगून टाकलं होतं.

मग यादी सुरू झाली, आणि काय तो उत्साह! नामशेष होण्यातही आमचं गाव कोणाला हार जायला तयार नव्हतं. एकानं लाल दाण्याची ज्वारी सांगितली, तिचा हुरडा म्हणे गुळाशिवाय गोड लागायचा. दुसऱ्यानं जवस सांगितला. तिसऱ्यानं आपल्या आजाचा पांढरा घोडा सांगितला, तो वाणात बसत नाही म्हणून मास्तरांनी खोडला आणि तो माणूस रुसून बसला. शेवटी गावातले सगळ्यांत म्हातारे बाबाजी बोलले.

"बनी लिव व पोरी. हिंगणघाटकडचा बनी. आमच्याही वावरात होता. मुठीत धरला तं मुठीत काई हाय असं वाटेच नाई. बाजारात गाडी लावली का व्यापारी बैल सोडाच्या आंधी कापसात हात घाले. मंग दुसरा आला, एकरी जास्त देनारा. लोकायनं तोच पेरला. बनी गेला."

ओसरी हळहळली. असा कापूस आपल्या मातीत होता, आणि तो आपणच सोडला. मलाही भरून आलं. मी नामशेषच्या रकान्यात 'बनी' हे दोन अक्षरी नाव अत्यंत वळणदार लिहिलं आणि त्याखाली, ते तक्त्यात चालत नाही हे माहीत असूनही, छोटीशी वेलबुट्टी काढली.

आणि त्याच वेळी सासूबाई पार आत देवघरात जाऊन बसल्या होत्या आणि वाती वळत होत्या. बनीच्याच.

बाबाजींचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं, आणि त्या वाती कशाच्या ते मला ठाऊक नव्हतं. परसात न्हाणीजवळ कापसाची चार झाडं होती, त्यांना आम्ही 'वातीचं' म्हणत असू. मारुतीच्या देवळातली आणि आमच्या देवघरातली वात त्याच कापसाची. सासूबाईंच्या माहेरची ती चाल होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मूठभर सरकी घालायची. मुलीनं ती सासरच्या परसात लावायची आणि घरच्या दिव्याला वात तिचीच घालायची. सासूबाईंना त्यांच्या आईनं दिली, आईला आजीनं. आता माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यातलं. सासूबाई विधवा, ओटी भरणार मी. पण सरकी त्यांची. आणि राखून ठेवलेल्या सरकीचं मडकं पावसाळ्याच्या तोंडावर उंदरांनी फोडलं होतं. सांडलेली मूठभर कशीबशी वेचून लावली, त्यातली चार उगवली. चार पिढ्यांच्या बायकांची सगळी ठेव म्हणजे ती चार झाडं.

पोळा झाल्यावर शेती खात्याचे साहेब आले. नागपूरचे, तरुण, चष्मेवाले, पायात बूट आणि बुटांवर आंजीचा चिखल. दोन दिवस त्यांनी वावर न् वावर पालथं घातलं. परकं झाड दिसलं की उपटायचं, हे त्यांचं काम. फुलातला पराग उडून मिसळला तर बियाणं बाटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते परसं बघायला निघाले, आणि मागून अर्धं गाव.

आमच्या परसात ते थांबले. "हे काय आहे?"

"वातीचं झाड," मी म्हणाले.

"कापूसच ना? उपटावं लागेल."

सासूबाई भांडी घासत होत्या. राखेच्या हातांनी उठल्या आणि झाडांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी जमिनीकडे बघितलं. बियाण्याच्या गावासाठी लोकांच्या सह्या घेत फिरलेले तेच, आणि कुंपण त्यांचंच.

"मावशी," साहेब समजुतीनं म्हणाले, "एकही झाड राहिलं तर मला गावाचं नाव काढावं लागेल. माझा इलाज नाही."

कुंपणावरून लगेच सुरू झालं. "काकी, चार झाडाईसाठी गाव काऊन अडवून राह्यली?" "वातीले कापूस आमच्या घरून नेजो, पोतंभर!" "मास्तर, समजवा ना गा मायले!"

"माह्या पोरीच्या ओटीत काय घालू?" सासूबाई एवढंच म्हणाल्या. "तुमचं पोतं?"

कुंपण काही हटलं नाही. आणि साहेब खाली वाकले.

उपटायलाच वाकले होते. पण हात खोडाशी नेता नेता ते थबकले. एक पान बोटांत धरून बघितलं, मग पिवळं फूल बघितलं. मग म्हणाले, "याचा जुना कापूस आहे का घरात?"

मी धावत जाऊन वातींची टोपली आणली. साहेबांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूहळू ओढला, पुन्हा जोडला, पुन्हा ओढला. धागे तळहातावर सरळ करून ठेवले. तळहात उन्हात धरला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"हा कुठून आणला?"

"माहेरून. हिंगनघाटच्या बाजूनं."

"तिकडे याला काय म्हणतात?"

"वातीचं."

"तुमच्या आजीच्या वेळी काय म्हणत?"

"आजी बी वातीचंच म्हने. तिले दुसरं म्हनताच येत नव्हतं."

"काऊन?" हे बाबाजी. ते कुंपणाच्या फटीत मान घालून ऐकत होते.

"तिच्या सासूचं नाव अन् कापसाचं नाव एकच होतं म्हने. सासूचं नाव घेत घेत कापूस येचन का कोनी?"

कुंपणापलीकडच्या साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं. सासूच्या नावाचं झाड असो, गाव असो की भाजी असो, सुनेनं त्याला दुसरं काही म्हणायचं. आजी वातीचं म्हणाली, आईनं तेच ऐकलं, आईनं लेकीला तेच सांगितलं. बाहेर वावरांतून कापूस गेला आणि त्याचं नाव उरलं. आत परसात नाव गेलं आणि कापूस उरला. मानानं पुसलेलं नाव होतं ते, विसरलेलं नव्हतं.

साहेबांनी हळूच विचारलं, "मग त्या सासूचं नाव काय होतं, मावशी?"

पणजीचं नाव घ्यायला पणतीला आडकाठी नसते. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. मोठ्यानं, स्वच्छ.

ते नाव मी वळणदार अक्षरात लिहून खाली वेलबुट्टी काढलेली होती.

बाबाजी फाटकातून आत आले. टोपलीतला कापूस त्यांनी मुठीत घेतला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "काईच नाई वाटत मुठीत," ते म्हणाले, आणि मूठ गालाला लावून उभे राहिले. मघाशी पोतंभर कापूस देऊ करणारे सगळे एकेक करून आत आले आणि त्या चार झाडांकडे असे बघायला लागले जसं काही ती त्यांनीच लावली होती.

उपटायचं कोणी नाव काढेना. पण नियम होताच. तेव्हा साहेबांनी तोड काढली. कळी उमलायच्या आदल्या सांजेला तिच्या टोकाला दोरा बांधायचा. कळी उघडत नाही, पराग बाहेर जात नाही, बोंड मात्र आतल्या आत धरतं. "पण एकही कळी सुटता कामा नये. आठवड्यानं मी बघायला येईन. एक उघडी दिसली तर चारही झाडं उपटणार."

सासूबाई म्हणाल्या, "लेकीची येनी एक दिस नाई चुकली माह्याकून. हे काय चुकते."

आणि खरंच चुकलं नाही. त्या हंगामात रोज सांजेला मी आणि सासूबाई दोऱ्याचं रीळ घेऊन त्या झाडांपुढे बसायचो. जाणारे-येणारे विचारायचे, "काय मग काकी, झाली का वेणीफणी कापसाची?" सासूबाई उत्तर देत नसत, मी मात्र सगळ्यांना देत असे. साहेब तीनदा न सांगता आले आणि तीनदा मान हलवून गेले. गावाचा मान राहिला. बोंडं फुटली तेव्हा निम्मी सरकी खात्याच्या शेतावर गेली, ती न्यायला साहेबांनी कापडी थैली आणली होती आणि दोन्ही हातांनी घेतली. उरलेली निम्मी नणंदेच्या ओटीत मी माझ्या हातानं घातली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी परसात एक काम बाकी होतं. साहेबांनी तक्ता मागवला. माझी वेलबुट्टी बघून ते जरा हसले आणि पेन माझ्याच हातात दिलं. "तुम्हीच मारलंत, तुम्हीच जिवंत करा."

मी मास्तरांची पट्टी घेऊन 'नामशेष'मधली ती ओळ खोडली. 'चालू'च्या रकान्यात वाणाचं नाव लिहिलं. पुढे छापलेलं होतं: कास्तकाराचे नाव. माझं पेन थांबलं.

"मामंजीचंच लिहा, वहिनी," कुंपणाकडून कोणीतरी म्हणालं. "सगळे कागद त्यायच्याच नावावर हायेत." मास्तरांनीही मान हलवली. माझे सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. वावर त्यांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, विहीर त्यांच्या नावावर. मी पहिलं अक्षर काढायला पेन टेकवलं.

तेवढ्यात सासूबाई, ज्या त्या सकाळपर्यंत जन्मात पुरुषांपुढे दारातून बाहेर आल्या नव्हत्या, राखेचे हात तसेच कमरेवर ठेवून परसाच्या मधोमध आल्या आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"त्यायचं काऊन लिहून राह्यली व? ते झाले ना नामशेष! मी जित्ती हाओ, माह्यं लिव!"